पहिले उन्हाळा काढू दे

झाडे मॅडम काचेची कुपी कानाशी धरून हलवायच्या. इंजेक्शनचं औषध येतं तसली छोटी, रबरी बुचाची कुपी. तळाशी चिमूटभर पांढरी पूड. डोळे मिटायच्या, कुपी हलवायच्या आणि ऐकायच्या. बाजारात नारळ घेताना आपण करतो, तसंच ते दिसे. फरक एवढाच, की नारळ वाजला की आपण खूश होतो, आणि मॅडमची कुपी वाजली की त्यांचा चेहरा उतरे. "टक केलं भाऊ," त्या म्हणत, "हे पन मेली." आणि ती कुपी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवून देत.

ते टेबल ग्रंथालयाचं होतं. वर्ध्याबाहेरच्या ज्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात त्या शिकवत, तिथे मी ग्रंथपाल होतो. दुपारी स्टाफरूममध्ये डबे उघडत तेव्हा त्या आपला डबा घेऊन माझ्याकडे येत. ग्रंथालयात खायला मनाई होती आणि तशी पाटी मीच लावलेली होती. पहिल्या दिवशी मी पाटीकडे बोट दाखवलं. त्यांनी पाटी शांतपणे वाचली, डबा उघडला आणि म्हणाल्या, "मी वाचता वाचता खाते, भाऊ. वाचनारीले उपाशी ठेवा, असं थ्या पाटीवर कुठी लिहून आहे?" पुढे त्यांच्या डब्यातलं भरलं वांगं माझ्या झाकणात येऊ लागलं. पाटी तशीच राहिली.

त्या नेमकं काय करतात, हे समजायला मला बरेच दिवस लागले. मी पुस्तकांचा माणूस. पुस्तकांच्या पाठीवरची नावं मला पाठ, आतलं थोडंच कळे. एकदा मी विचारलंच. त्या म्हणाल्या, "साबुदाना पाह्यला ना? त्याच्याहून कितीतरी बारीक दाना. डोयाले नुसतं पीठ दिसते. त्याच्या पोटात औषध. सुईनं कातडीखाली सोडला का थो तिथीच पडून राह्यते अन् हळूहळू विरते. जसजसा विरते तसतसं औषध थोडं थोडं बाहेर येते. महिनोन्‌महिने. शेवटी दाना बी नाई अन् औषध बी नाई. काहाडाले जायाचं काम नाई."

"म्हणजे जैवविघटनशील सूक्ष्मकण," मी म्हणालो. मला शब्द सापडल्याचा आनंद झाला होता.

"तुमचं जैवविघटनशील म्हनून होईपर्यंत पेशंट सुई टोचून घरी जाईन," त्या म्हणाल्या. "विरनारे दाने म्हना."

हे दाणे त्या हत्तीपायासाठी करत होत्या. आमच्या भागात हा रोग नवा नाही. डास चावतो, त्यातून सुतासारखे जंत अंगात शिरतात, वर्षानुवर्षं राहतात आणि कधीतरी एक पाय सुजू लागतो. सरकारी माणसं वर्षातून एकदा घरोघर गोळ्या देऊन जातात. गोळीनं रक्तातली जंतांची पिल्लं मरतात, रोग पुढे पसरत नाही. पण सुजलेला पाय काही उतरत नाही. हे कळायला मॅडमना पुस्तक लागलं नव्हतं. त्यांच्या आईचा, सगुणाबाईंचा, डावा पाय गुडघ्यापासून खाली खांबासारखा झालेला होता.

गिरडकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत त्यांचं गाव. घराच्या अंगणातून गिरडच्या दर्ग्याची टेकडी दिसते. तीन पिढ्यांची भाजीची शेती: वांगी, कोथिंबीर, मेथी, आणि कडेला हळदीचे वाफे. वडील लवकर गेले. सगुणाबाई तो पाय ओढत बाजारात बसल्या आणि त्यांनी एकुलत्या एका मुलीला शिकवलं. मॅडम दर रविवारी बसनं घरी जात. एकदोनदा मीही गेलो. आईला बाजेवर बसवून, घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्या साबणानं तो पाय धुवत. मग मऊ फडक्यानं बोटांच्या बेचक्यांतून पाणी टिपत. तिथे ओल राहिली की जखमा होतात आणि मग ताप भरतो. अर्धा तास तरी चाले ते काम. सगुणाबाई संकोचून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पाहा ना भाऊ, पाय धुऊन राह्यली पोरगी. मी काय देव आहो?"

"देवाचा पाय एवढा जड नसते व माय," मॅडम म्हणाल्या. "उचल जरासा."

त्याच दिवशी सगुणाबाईंनी मला गोळ्यांची गोष्ट सांगितली. त्या तरुण असताना दर वर्षी गोळ्या यायच्या. पहिल्या वर्षी खाल्ल्या, तर रात्री सडकून ताप भरला. दुसऱ्या दिवशी बाजार होता. "आता भाजी तोडून ठेवली, भाऊ. थे काय माह्या तापासाठी थांबन?" तापातच बाजार केला. त्यानंतर गोळ्या आल्या की त्या पदराच्या गाठीत बांधायच्या आणि देणारी बाई वळली की उकिरड्यावर टाकायच्या. "सारेच टाकत," त्या म्हणाल्या. "मी एकटी काऊन खाऊ?"

बसमध्ये परतताना मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मग आपणहून बोलल्या. "कळलं का, भाऊ? ताप कोनाले येते? ज्याच्या अंगात जंत असते त्यालेच. जंत मरून राह्यले म्हनून तर ताप. म्हंजे ज्याले गोळीची गरज, थोच गोळी फेकते. अन् ज्याच्या अंगात काईच नाई थो हासत हासत खाते." थोड्या वेळानं म्हणाल्या, "हळूहळू सुटलं त ताप बी येनार नाई, असं मले वाटते. नुसतं वाटते. अजून पाह्याचं आहे. अन् एकदा टोचलं का उकिरड्यावर फेकता येत नाई."

त्यांनी लग्न केलं नव्हतं. का, हे मी कधी विचारलं नसतं. त्यांनीच एकदा सांगितलं, एखादा विनोद सांगावा तसं. पाहुणे बघायला आले होते. भर वैशाखात आईनं मागच्या खोलीत पायावर गोधडी ओढून घेतली होती. मुलाची आत्या पाणी मागायला म्हणून आत गेली. "अंगाची लाही लाही होऊन राह्यली अन् ही बाई गोधडी घेऊन बसली, हे पाहून तिले शंका येनारच," मॅडम म्हणाल्या. "तिनं गोधडी वर केली. बाहेर येऊन काईच बोलली नाई. उठले सारे. पन चाहा पुरा पेले बरं. तेवढं मानलं पायजे." त्या हसल्या. पुढे सगुणाबाईंनी हीच गोष्ट मला एका वाक्यात सांगितली होती: "माह्या पायानं पोरीचं घर खाल्लं."

मॅडमचं एक वाक्य साऱ्या महाविद्यालयाला माहीत होतं. नवे प्राचार्य आले आणि पहिल्याच सभेत त्यांनी मोठमोठ्या योजना सांगितल्या. मॅडम माझ्या कानाशी पुटपुटल्या, "पहिले उन्हाळा काढू दे." नवा वॉटर कूलर आला, नव्या इमारतीला रंग लागला, तरुण प्राध्यापकाचं लग्न झालं आणि तो पेढे घेऊन आला: सगळ्यांना हेच. तो प्राध्यापक जरा नाराज झाला, तेव्हा त्याच्या हातातला दुसरा पेढा उचलत म्हणाल्या, "शाप नाई देऊन राह्यली, बापू. आशीर्वादच आहे थो."

वाक्य मूळचं त्यांच्या आईचं, आणि हळदीच्या बेण्यावरून आलेलं. हळद काढली की त्यातले चांगले गड्डे पुढच्या लागवडीसाठी राखून ठेवतात. झाडाच्या सावलीत त्यांचा ढीग घालतात, वरून पाला आणि शेणमातीचा लेप. लागवडीच्या वेळी ढीग फोडला की कळतं काय टिकलं आणि काय सुकलं. तोवर कुणी कितीही चांगलं पीक सांगितलं, तरी सगुणाबाई म्हणायच्या, "बेन्याले पहिले उन्हाळा काढू दे. मंग बोला."

मॅडमच्या दाण्यांचीही अडचण हीच होती. ज्या पदार्थाचे ते बनत, तो एरवी काचेसारखा कडक असे. पण उष्णता एका टप्प्याला पोचली की मऊ पडे. आणि तो टप्पा व वैशाखातला वर्ध्याचा पारा जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन भेटत. मऊ पडलेले दाणे एकमेकांना चिकटत, पुडीचा गोळा होई. असा गोळा सुईतून जात नाही. कुपी हलवली की तो काचेवर आपटे. टक. पूड सुटी असली तर आवाजच येत नसे. म्हणून त्या कानाशी धरत.

फ्रीजमध्ये ठेवा, असं त्यांना प्रत्येकानं सांगितलं. मीही. त्या एकदा चिडल्या. "फ्रीजमधे कोनीही जगन, भाऊ. आमच्या गावच्या दवाखान्यात लाइन गेली का दिवसभर येत नाई. मी औषध थ्या गावासाठी करून राह्यली, का फ्रीजसाठी?" त्यामुळे त्यांच्या कुप्या मुद्दाम बाहेर राहत, प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीतल्या फळीवर. पहिल्या उन्हाळ्यात साऱ्या मेल्या. त्यांनी मिश्रण बदललं, हिवाळाभर नवे दाणे केले, पुन्हा फळीवर मांडले.

त्या दुसऱ्या उन्हाळ्यात एक गोष्ट घडली. प्रयोगशाळेत लक्ष्मणभाऊ नावाचे परिचर होते, मॅडमपेक्षा वयानं मोठे. दर उन्हाळ्यात खिडकीवर चिमण्यांसाठी पाणी ठेवणारा माणूस. मॅडम परीक्षेच्या कामासाठी नागपूरला गेल्या आणि नेमकी तेव्हा उन्हाची मोठी लाट आली. परतल्यावर बघतात तर फळी रिकामी. कुप्या फ्रीजमध्ये, ओल्या फडक्यात नीट गुंडाळलेल्या. लक्ष्मणभाऊ हसतमुखानं उभे. "मॅडम, दोन दिवस अशी आग पडून राह्यली, मले पाह्यवलं नाई. म्हटलं, बिचारे तापून मरन. आत ठेवले."

मी तिथेच होतो. वर्षाचं काम गेलं होतं. ज्या परीक्षेसाठी कुप्या ठेवल्या होत्या, त्याच परीक्षेतून त्यांना उचलून नेलं होतं. त्या पुडीचं काही सांगता येणार नव्हतं. मॅडमनी फ्रीजचं दार उघडलं, फडकं सोडलं, एक कुपी कानाशी नेली आणि न हलवताच खाली ठेवली. लक्ष्मणभाऊंचा चेहरा पडत गेला. "चुकलं का काई?"

"चुकलं," मॅडम म्हणाल्या. "पन तुमाले दया आली, लक्ष्मनभाऊ. दयेवर मी काऊन रागवू?" मग ग्रंथालयात येऊन माझ्यासमोर बसल्या. डबा उघडला नाही. त्यानंतर लक्ष्मणभाऊंनी त्या फळीकडे कधी हात नेला नाही. झाडताना लांबूनच झाडत.

तिसरं मिश्रण त्यांनी मोठ्या आशेनं केलं होतं. या वेळी कुप्या फळीवर ठेवायच्या नाहीत, असं ठरवलं. फळीवर पत्र्याच्या छताची आग. तसल्या फळीवर गावात कुणी बेणंही ठेवत नाही. गावात प्रत्येकाकडे झाडाची सावली आहे, माती आहे. "जिथी हळद जगते तिथी हे जगते का, पाहू," त्या म्हणाल्या. गावी बेण्याचा ढीग घातला त्या रविवारी मी सोबत होतो. कुप्यांच्या बुचांवर मेण ओतलेलं, कुप्या पत्र्याच्या डब्यात, डबा फडक्यात. मॅडमनी तो गड्ड्यांच्या मधोमध ठेवला आणि वरून पाला पसरला. सगुणाबाई बाजेवरून बघत होत्या. ढिगाकडे नाही, मुलीच्या हातांकडे.

"वंदे," त्या म्हणाल्या, "तुह्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊन राह्यल्या."

"बांगड्या सैल झाल्या, माय. जुन्या आहेत."

"बांगड्या सैल होते का कधी?"

मॅडमनी शेणमातीचा हात फिरवून लेप पुरा केला आणि उठताना झाडाच्या बुंध्याला धरून उठल्या. निघताना आईला म्हणाल्या, "हे मी आल्याबिगर उघडजो नको."

पोटात दुखतं हे त्यांना हिवाळ्यापासून माहीत होतं. वर्गातल्या मुलीला साधी आव झाली तरी तिला हाताला धरून दवाखान्यात नेणारी ही बाई स्वतः मात्र दुखणं ओव्याच्या अर्कावर काढत राहिली. दाखवलं तेव्हा उशीर झाला होता. नागपूरला नेलं, उपचार झाले, आणि काही आठवड्यांनी डॉक्टरांनी वर्ध्याला परत पाठवलं. परत पाठवण्याचा अर्थ त्यांना कळला होता, मलाही.

मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जात असे. काहीतरी वाचून दाखवत असे; त्या डोळे मिटून ऐकत, कुपी ऐकत तशाच. एकदा मी, जसं आपण अशा वेळी बोलतो तसं, म्हणालो, "पावसाळ्यात कॉलेज सुरू झालं की तुमच्यासाठी खिडकीजवळचं टेबल रिकामं ठेवतो."

त्यांनी डोळे उघडले. ओठ कोरडे होते, तरी बारीक हसल्या. "पहिले उन्हाळा काढू दे, भाऊ."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं. त्या दिवशी मला खाली बघावं लागलं.

शेवटच्या दिवसांत त्यांना आईच्या पायाची काळजी होती. कोण धुतं, बोटांत ओल राहते का, हेच पुन्हा पुन्हा विचारत. दाण्यांचं नाव काढत नव्हत्या. मीच एकदा काढलं, तर म्हणाल्या, "थे आपल्या जागी आहे. आता त्याईचं थे पाहून घेईन." वैशाख संपायच्या आत त्या गेल्या. अजून पन्नाशीही झाली नव्हती. सगुणाबाईंना गाडीतून आणलं होतं. त्या रडल्या नाहीत. मुलीच्या पायांशी बसल्या आणि पदरानं तिच्या पायाच्या बोटांच्या बेचक्या पुसत राहिल्या, जणू तिथे ओल राहिली होती.

नंतर लागवडीचे दिवस आले. एका सकाळी गावाहून फोन आला. शेजारी बोलत होता. सगळ्यांची हळद लागली, सगुणाबाई बेण्याचा ढीग फोडू देत नाहीत. वाफे तयार आहेत, आत गड्ड्यांना कोंब फुटून गेले असतील, सडतीलही. समजावलं तर म्हणतात, पोरीनं सांगतलं, मी आल्याबिगर उघडजो नको. "आता तिले कसं सांगावं, साहेब? तुमी या."

मी लक्ष्मणभाऊंना घेऊन गेलो. अंगणात ढीग तसाच होता, लेपाला भेगा पडलेल्या, आणि भेगांतून पिवळसर कोंब वर आलेले. सगुणाबाई बाजेवर बसल्या होत्या. पाय धुतलेला होता. पण बोटांपर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता, ते बेचक्यांतल्या ओलीवरून दिसत होतं.

मी काय बोलणार होतो ते रस्ताभर ठरवलं होतं. ते सगळं विसरलो. त्यांनीच विचारलं, "तिनं तुमाले काई सांगतलं होतं का, भाऊ? ढिगाचं?"

"म्हणाल्या होत्या, ते आपल्या जागी आहे."

त्यांनी भेगांतून वर आलेल्या कोंबांकडे पाहिलं. म्हणाल्या, "बेनं कोनाची वाट नाई पाहात. फोडा."

लक्ष्मणभाऊंनी लेप फोडला. गड्डे चांगले होते, जाड, ओलसर, कोंब आलेले. मधोमध फडक्यातला डबा. लक्ष्मणभाऊ थांबले. "मी नाई लावत हात, साहेब. माह्या हातानं एक डाव बिघडलं." मी डबा काढला आणि सगुणाबाईंच्या मांडीवर ठेवला. त्यांनी एक कुपी उचलली, पदरानं पुसली आणि कानाशी धरून हलवली. अगदी तशीच. ती सवय कुणी कुणाकडून घेतली होती, मला माहीत नाही.

"मले कमी ऐकू येते," त्या म्हणाल्या. "तुमी पाहा."

मी एकेक कुपी घेतली. दोन वाजल्या; त्या मॅडम टेबलावर सरकवत तशा बाजूला सरकवल्या. बाकीच्या हलवल्या, पुन्हा हलवल्या. काचेत पांढरी पूड या बाजूची त्या बाजूला पाण्यासारखी सरकत होती.

"काय म्हन्ते, साहेब?" लक्ष्मणभाऊंनी विचारलं.

"काहीच नाही म्हणत," मी म्हणालो.

लक्ष्मणभाऊंनी तोंडावर रुमाल घेतला.

एवढ्यानं औषध होत नाही, हे मला ठाऊक आहे. त्या पुडीच्या पुष्कळ परीक्षा बाकी आहेत. विभागातली एक तरुण प्राध्यापिका ते काम पुढे नेते आहे. ताप येतो की नाही, हे कळायला किती वर्षं लागतील कुणास ठाऊक. मॅडम असत्या तर त्यांनी मला आनंदही करू दिला नसता.

पण त्या दिवशी अंगणात सगुणाबाईंनी विचारलं, "म्हंजे, काढला यायनं उन्हाळा?"

"काढला, काकू."

त्यांनी मान हलवली. शेजाऱ्याला हाक मारून गड्डे वाफ्याकडे न्यायला सांगितले. डबा माझ्याकडे दिला. "घेऊन जा. कामाच्या आहेत." मग डब्यातली एक कुपी परत काढून घेतली. "हे एक मले राहू द्या."

आम्ही निघालो तेव्हा अंगण रिकामं झालं होतं. फाटकापाशी मी वळून पाहिलं. सगुणाबाई बाजेवर बसल्या होत्या, सुजलेला पाय पुढे सोडून. कुपी कानाशी होती. त्या ती हलवत होत्या आणि डोळे मिटून ऐकत होत्या.